जवारीचा दोरा

बार्सिलोना,
९ फेब्रुवारी

प्रिय जावेद,

आधी चाचांना सांग, तंबोरा धड आहे. दांडीवर ओरखडासुद्धा नाही. इथं समुद्र जवळ, त्यामुळं रोज सकाळी तो उतरलेलाच असतो. मी सूर लावायला तारांचे मणी सरकवत बसतो आणि शेजारच्या खोलीतली मुलगी भिंतीवर टकटक करते. पहिल्यांदा वाटलं, तक्रार असेल. तिला थांबू नको असं सांगायचं होतं!

तू स्टेशनवर विचारलं होतंस, "लेका, गाणं शिकायला चाललायस की कंप्युटर?" पाच महिन्यांनी उत्तर देतोय. दोन्ही, आणि दोन्हीत कच्चा. पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठाचा संगीत आणि कंप्युटरचा हा पदव्युत्तर अभ्यासक्रम एका वर्षाचा, ६० क्रेडिटचा. आमचं पोब्लेनोउचं आवार म्हणजे जुनी कापडगिरणी. इचलकरंजीच्या मामाला फोटो पाठवला, तर म्हणतो, "माग कुठं गेले?"

मी इथंच का आलो, तेही सांगतो. स्वर ओळखणारी बहुतेक सॉफ्टवेअरं पाश्चात्त्य संगीत डोळ्यांसमोर ठेवून बनलेली. सप्तकाचे बारा सारखे तुकडे, सगळ्यांचा सा ठरलेला. आपल्याकडं गवई आपल्या गळ्याचा सा घेऊन येतो, हे त्या यंत्राला कोण सांगणार? इथल्या झेवियर सेरा यांनी २०११ ते २०१७ या काळात 'कॉम्पम्युझिक' नावाचा प्रकल्प चालवला. हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की, अरब-अंदालुसी संगीत आणि चिनी ऑपेरा, प्रत्येकाचा अभ्यास त्याच्या त्याच्या नियमांनी. आयआयटी मुंबईतल्या प्रीती राव यांचा गटही त्यात होता. गवयाचा सा कुठला, हे ध्वनिमुद्रणावरून शोधायची पद्धतही त्यातच निघाली. आणि ती शोधते कशाच्या आधारानं? मागं सतत वाजणाऱ्या तंबोऱ्याच्या. हे वाचलं त्या रात्री तुला फोन करणार होतो, पण मिरजेत पहाटेचे तीन वाजले होते.

आता माझी फजिती ऐक. पहिला गृहपाठ होता, गायकाचा स्वर क्षणाक्षणाला मोजायचा. मी काळी एक या पट्टीतलं एक ध्वनिमुद्रण घेतलं. ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, त्यातले २,०४८ एका वेळी उचलून तपासायचे. तेवढ्या तुकड्यात कंप्युटरला दर साडेएकवीस हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांचा, एकेक खण दिसतो. काळी एकचा सा १३८ च्या आसपास, कोमल रे १४७ च्या आसपास. म्हणजे दोघांत एका खणाइतकंही अंतर नाही! तुकडा मोठा घेतला, १६,३८४ नमुन्यांचा, तर खण बारीक झाले, पण तो तुकडा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून लांब. तेवढ्यात तान कुठल्या कुठं गेलेली असते. पुढं शिकलो की वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर, जमेला धरून यातून वाट काढतात. ती काढली, तर गवई श्वास घ्यायला थांबला की माझा प्रोग्रॅम तंबोऱ्यालाच गवई समजून त्याचा आलेख काढत बसला. प्राध्यापक हसले. म्हणाले, यंत्राची चूक नाही, वाद्यच तसं आहे.

तेव्हापासून डोक्यात तुमचं तंबोऱ्यांचं दुकान आहे. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, एक छोटा निबंध लिहिला होता. पुस्तकी नियम असा की तार बरोबर मधोमध छेडली, तर दुपटीचा हार्मोनिक निघायलाच नको. तंबोऱ्यात मात्र तो ठणठणीत ऐकू येतो. कारण तार घोडीच्या बाकदार पाठीला घासते, तिची टेकायची जागा मागंपुढं सरकते आणि ताकद वरच्या स्वरांत जात राहते. खर्जातला तो स्वयंभू गंधार, जो ऐकायला चाचा डोळे मिटायचे, तो पाचवा हार्मोनिक. परवा पडद्यावर पाहिला. छेडल्यावर काही क्षणांनी तो वर येतो, फुलतो, मग विरतो. मी एकटाच ओरडलो, "जावेद, हे बघ!" शेजारी बसणारा, ऊद हे तंतुवाद्य वाजवणारा इस्तंबूलचा मुलगा घाबरला.

प्रबंध यावरच करावा म्हणतो. तार आणि घोडीमधला जवारीचा दोरा केसभर सरकला की नेमका कुठला हार्मोनिक कधी वर येतो, एवढंच. चाचा हे कानसीनं आणि कानानं एका दुपारी करतात. मला चार महिने लागतील, आणि तरी माझ्या तंबोऱ्याची जवारी, तो घोडीतून निघणारा झणकार, मला काढता येणार नाही, हे कबूल.

म्हणून काम सांगतो. एकच तंबोरा, खर्जाची एकच तार, प्रत्येक वेळी त्याच जागी छेडायची. आधी दोऱ्याशिवाय, मग दोरा बरोबर जागी, मग थोडा अलीकडं, थोडा पलीकडं. प्रत्येकी दहा वेळा, आणि नाद पूर्ण विरेपर्यंत थांबायचं. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस मेसेजनं पाठवू नकोस, त्यात वरचा झणकार गाळला जातो. वेव्ह फाइल कर.

पण त्याआधी चाचांना नीट विचार. इथं फ्रीसाउंड म्हणून संग्रह आहे, २००५ पासूनचा, तिथं कुणीही आवाज ठेवतो आणि कुणीही वापरतो. तुमचे आवाज तिथं जायचे की माझ्या वहीतच राहायचे, ते चाचा ठरवतील. नाही म्हणाले तर मला राग नाही. घराण्याचा दोरा आहे तो.

हो म्हणाले, तर दुपारी जेवणाच्या सुट्टीत कर, गल्लीत तेव्हाच काय ती शांतता असते. आणि पंखा बंद ठेव, मागच्या वेळी सगळा पंखाच ऐकू येत होता.

तुझा,
मकरंद