तक्रार पत्र: व्हॅक्यूम न करताच जॉब कार्डवर ‘केले’ अशी नोंद

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: जुना एसी बदलून नवा बसवताना झालेले सदोष काम आणि जॉब कार्डवरील खोटी नोंद

महोदय,

आमच्याकडे १४ वर्षे चाललेला दीड टनाचा स्प्लिट एसी काढून त्या जागी तुमच्या कंपनीचा नवा इन्व्हर्टर एसी बसवून घेतला, त्याला आज पाच आठवडे झाले. चौथ्या आठवड्यातच कूलिंग जवळजवळ बंद पडले. मी तुमच्याकडे तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा एकच उत्तर मिळाले: ‘गॅस कमी झाला असेल, भरून देतो.’ महिन्याभरात नव्याकोऱ्या मशीनमधला गॅस कमी का होतो, हे कुणी सांगत नाही. मी सांगू शकते, कारण काम चालू होते तेव्हा मी त्याच खोलीत उभी होते.

दोघे जण आले होते. जुना एसी काढताना त्यांनी आउटडोअर युनिटचे नट सरळ पान्याने सैल केले आणि उरलेला गॅस फुस्स करून हवेत सोडून दिला. तो आर-२२ होता. ओझोनच्या थराला इजा करतो म्हणून ज्याचा वापर मॉन्ट्रियल करारानुसार जगभर बंद होत आला आहे, तोच हा गॅस. जुन्या एसीचा कॉम्प्रेसर चालू स्थितीत होता, त्यामुळे गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढून घेऊन व्हॉल्व्ह बंद करता आले असते. मी तसे विचारलेही. ‘भंगारातच जायचंय ना मॅडम,’ असे उत्तर मिळाले.

नवीन कॉपर पाइप मी आधीच सांगून ठेवला होता. तो त्यांनी आणलाच नव्हता. भिंतीतला जुना पाइप ‘एकदम चांगला आहे’ म्हणत त्यालाच नवे मशीन जोडले. नव्या एसीत आर-३२ गॅस आहे. त्याचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून अधिक असतो आणि कॉम्प्रेसरचे तेलही वेगळे असते. जुन्या पाइपात १४ वर्षांचे खनिज तेल चिकटलेले होते. पाइप आतून धुतला नाही, त्याची जाडी पाहिली नाही, फ्लेअरसुद्धा, म्हणजे नटात बसणारे पाइपाचे पसरवलेले तोंड, नवा काढला नाही. जुनेच पसरट तोंड नव्या नटात बसवून पान्याने जोर लावून आवळले.

माझी मुख्य तक्रार पुढच्या गोष्टीबद्दल आहे. पाइप जोडल्यावर आतली हवा आणि ओल ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप लावायला हवा होता. पंप त्यांच्याजवळ नव्हताच. एकाने आउटडोअरचा व्हॉल्व्ह किंचित उघडला, दुसऱ्याने इनडोअरकडचा नट सैल धरला, दहा-बारा सेकंद गॅसने हवा ढकलली आणि नट आवळला. आउटडोअर युनिटमध्ये कारखान्यातून वजन करून भरलेला गॅस असतो, त्यातलाच हा गेला. शिवाय अशाने हवा पूर्ण निघत नाही, पाइपातली ओल तर मुळीच निघत नाही. नव्या एसीतले तेल ओलावा शोषून घेते. त्यातून आम्ल तयार होते आणि ते कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगला, म्हणजे आतल्या तारांच्या गुंडाळीला, खाते. हे नुकसान आज दिसत नाही, वॉरंटी संपत आली की दिसते. गळती आहे का हे पाहण्यासाठी नायट्रोजन भरून दाब तपासण्याचा तर विषयही निघाला नाही.

आणि मग त्यांनी माझ्याकडे ओटीपी मागितला. ‘कॉल क्लोज करायचाय.’ मी दिला. संध्याकाळी जॉब कार्ड आले, त्यात ‘नायट्रोजन टेस्ट’, ‘व्हॅक्यूम’ आणि ‘ड्रेनचा उतार तपासला’ या तिन्ही ओळींसमोर बरोबरची खूण होती. जे काम झालेच नाही, त्याच्या खाली माझी संमती! मला सगळ्यात जास्त हेच लागले आहे. चूक कुणाच्याही हातून होते, पण ही चूक नाही, ही खोटी नोंद आहे. उद्या कॉम्प्रेसर गेला तर हाच कागद दाखवून तुम्ही हात वर कराल.

गेल्या आठवड्यात बाहेरच्या एका अनुभवी मेकॅनिकला बोलावले. त्यांनी इनडोअरच्या मागचा फोम सोलून जोडावर साबणाचा फेस लावला. मिनिटभरात मोठ्या नटाच्या कडेने बारीक बुडबुड्यांची माळ उठली. ही खोली माझ्या आईची आहे. तिला दमा आहे आणि ती दुपारी दार लावून झोपते. आर-३२ सौम्य का होईना, ज्वलनशील आहे, आणि तो महिनाभर तिच्या डोक्यावर गळत होता. ड्रेनचे पाणीही भिंतीवर उतरून कोपऱ्यात बुरशी धरली आहे. ती वेगळीच.

एक गोष्ट टनेजची. तुमच्या विक्रेत्याने खोली न मोजता, खिडक्या किती आणि ऊन कुठून येते हे न विचारता ‘दोन टन घ्या, पटकन गार होईल’ म्हटले. तेच घेतले. सुरुवातीला पटकन गार होत होते खरे, पण कॉम्प्रेसर लगेच मंदावायचा, हवेतला दमटपणा तसाच राहायचा आणि अंथरूण ओलसर लागायचे. जुन्या दीड टनाने हा त्रास कधी दिला नाही.

म्हणून नुसता गॅस भरून घ्यायला मी तयार नाही. नवीन कॉपर पाइप, नवे फ्लेअर, नायट्रोजनने दाब तपासणी, त्यानंतर पंपाने व्हॅक्यूम करून गेजवर ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूम मोजण्याचे एकक) खाली आकडा आणि पंप बंद केल्यावर तो टिकतो की नाही हे माझ्यासमोर दाखवणे, मग काट्यावर मोजून गॅस, एवढे सगळे तुमच्या खर्चाने हवे. खोलीचा हिशेब करून दीड टन पुरत असेल तर मशीन बदलून द्यावे. बदलले नाही, तर कॉम्प्रेसरची वॉरंटी दुरुस्तीच्या दिवसापासून नव्याने सुरू झाल्याचे लेखी द्यावे. पहिले जॉब कार्ड रद्द करून त्यात खरे काय झाले ते नोंदवावे. पंप आणि गेज नसलेला माणूस पुन्हा पाठवलात, तर मी दारातूनच परत पाठवीन.

हे पत्र मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. फोनवरचे आश्वासन मी उत्तर धरणार नाही.

आपली,
एक ग्राहक

सोबत: जॉब कार्डची प्रत, गळणाऱ्या जोडाचे दोन फोटो, बुरशी आलेल्या भिंतीचा फोटो, तिन्ही फोन कॉलचे तक्रार क्रमांक