फळी लाव, पण जरा खाली

कोथरूड, पुणे
१२ मे

प्रिय मंदार,

फोटो पाहिला. दारावर, छपराच्या वळचणीला मातीच्या वाटीसारखं घरटं आणि काठावरून बाहेर आलेली ती दुभंगलेली लांब शेपटी! जपानात, नागोयाच्या घराच्या वास्तुशांतीला आमच्यापैकी कुणी नव्हतं, भिंगरी पाखरू मात्र वेळेवर हजर. शेजारच्या आजी म्हणतात, आता घराला बरकत. तुझा विश्वास नाही, माझाही नाही. पण तिथले दुकानदार घरट्याखाली उलटी छत्री टांगतात, स्टेशनांवर 'वर भिंगऱ्या आहेत, सांभाळून' अशा पाट्या लागतात, याचं मला फार कौतुक वाटतं. आपल्याकडे पाटी लागली असती ती 'येथे घरटे बांधू नये' अशी. पुणेरी पाटीला पक्षीही चालतो.

तू विचारलंस, पुण्याजवळ नदीकाठी कवडीपाटच्या तारांवर बसतात त्याच या का? जात तीच, माळभिंगरी. पण तुझ्या दारातली बाई पुण्याची नव्हे. जपानच्या भिंगऱ्या थंडीत फिलिपीन्स, मलेशिया, इंडोनेशियाकडे उतरतात. आपल्याकडच्या हिमालयातून आणि त्याच्याही उत्तरेकडून येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात आल्या की दिवसभर नदीवर किडे टिपायचे, रात्री लव्हाळ्यात नाहीतर उसात मुक्काम, आणि उन्हाळा तापायच्या सुमारास परत. घरटं इथे नाहीच. म्हणून आपण दोघांनी जन्मभर त्यांना तारेवरच पाहिलं. संसार बघायचं भाग्य तुझं!

आमच्याकडे बारमाही पाकोळी आहे, भिंगरीच्याच कुळातली. धुरकट तपकिरी, फार देखणी नव्हे. शेपटी पसरली की पांढरे ठिपके दिसतात तेवढंच. मूळची कड्याकपारीतली, पण तिला आमचा जिनाही कडाच वाटतो. ट्यूबलाइटच्या वर, स्लॅबखाली अर्धी वाटी चिकटवली आहे. जवळून पाहिलं तर चिखलाची एकेक गोळी वेगळी दिसते, वाळलेली फिकी, कालची गडद. आत पिसांची गादी. पिल्लं लहान असतात तोवर आईबाप त्यांची घाण चोचीत धरून बाहेर नेऊन टाकतात. मोठी झाली की पिल्लू उलटं फिरतं, बूड काठाबाहेर काढतं आणि खाली कुणाची स्कूटर आहे याची चौकशी करत नाही.

त्यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये रंगली ना! रंगकाम निघालंय, 'ते खरवडून टाका' म्हणणारे बरेच. मी म्हटलं, पिल्लं उडेपर्यंत तो मजला शेवटी घ्या. कुरकुरत कबूल झाले. स्कूटर कुठे लावायची यावर मात्र अजून भांडण चालू आहे.

आता तुझ्या कामाचं. घाण झेलायला घरट्याखाली फळी जरूर लाव, पण बरीच खाली. अगदी चिकटून लावलीस तर कावळ्याला बसायला आयता ओटा होईल. फळीवर वर्तमानपत्र घाल, बदलत जा. खांबावरून साप चढतो का, तेवढं बघ. पिल्लू पडलं तर खुशाल उचलून परत ठेव; माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकतात, ही नुसती समजूत. घरटंच कोसळलं तर तिथले लोक नूडल्सचा रिकामा कप त्या जागी चिकटवतात म्हणे, आणि भिंगऱ्या तो चालवून घेतात! उडून गेल्यावरही घरटं काढू नकोस. पुढच्या वर्षी जुन्यालाच डागडुजी करून वापरायची त्यांची रीत आहे.

आणि एक. अंगणात सगळीकडे फरशी घालणार होतास ना? एक कोपरा मातीचा राहू दे, त्यावर रोज पाणी मार. एका घरट्याला चिखलाच्या हजारभर गोळ्या लागतात, त्या चोचीतून आणायच्या, लाळेत मळून लावायच्या. इथे मला खरी काळजी तीच आहे. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक, नदीकाठाला काँक्रीट. पाकोळीने चिखल आणायचा कुठून? मी गच्चीवर जुन्या घमेल्यात माती भिजवून ठेवतो. बायको म्हणते, कुंड्यांना पाणी घालायचं सुचत नाही तुम्हाला.

पिल्लं किती ते कळव. आरसा लावलेली काठी वर धर, पण आईबाप बाहेर असतील तेव्हाच. आणि दिवाळीला येणार असलास तर तिकीट आत्ताच काढ, मागच्या वेळसारखं शेवटच्या क्षणी नको. आई तुझ्यासाठी मेतकूट करून ठेवणार आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंदू