आधी जबाब नीट वाचा

प्रिय आई-बाबा,
सा. नमस्कार.

व्हिसा असला तरी अमेरिकेत आत सोडायचं की नाही, हे विमानतळावरचा सीबीपीचा (म्हणजे तिथल्या सीमा-तपासणी खात्याचा) अधिकारी ठरवतो. शंका आली तर बाजूच्या खोलीत नेतात. तिथे वकील सहसा मिळत नाही, पण मराठी दुभाषा जरूर मागा.

चौकशी लांबली तर टाइप केलेला जबाब समोर येतो आणि पानापानावर आद्याक्षरं मागतात. बाबा, 'द्या इकडे, कुठे सही करू?' ही तुमची सवय इथे नको. न दिलेलं उत्तर दिसलं तर दुरुस्त करायला सांगा. नाही केलं तर सही करू नका. पुढे तक्रार केलीत की सरकार हाच कागद पुढे करतं. परत पाठवायचंच ठरलं तर प्रवेशाचा अर्ज मागे घेऊ द्या, अशी विनंती करा. मान्य करणं त्यांच्या मर्जीवर, पण तडकाफडकी हकालपट्टीच्या आदेशाने सहसा 5 वर्षांची बंदी येते.

आई, गोळ्या काढून घेतल्या तर कधी मागितल्यास आणि काय उत्तर मिळालं, ते सुटल्यावर लगेच लिहून काढ. अधिकाऱ्याच्या छातीवरचं नाव, बिल्ला क्रमांक, खोलीतल्या वेळा, सगळंच. वळ असतील तर त्याच दिवशी फोटो आणि डॉक्टरांची नोंद. कॅमेऱ्याचं चित्रण पुसलं जाऊ नये म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी मागणी लगेच करायची.

अधिकाऱ्यावर व्यक्तिशः दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2022च्या एग्बर्ट विरुद्ध बूल निकालानंतर जवळपास बंदच झाला. उरतो सरकारवरचा. त्यासाठी एसएफ-95 हा भरपाई मागण्याचा सरकारी फॉर्म, दोघांचा वेगवेगळा, 2 वर्षांच्या आत त्या खात्याला पोचलेला हवा. टपालात टाकून भागत नाही. दावे अनेकदा फॉर्मच्या एका चौकटीत अडकतात: भरपाईचा आकडा. 'योग्य ती रक्कम' लिहिलं की फॉर्म बाद, आणि कमी लिहिलं तर कोर्टात सहसा त्याहून जास्त मागता येत नाही. म्हणून तो वकिलाला विचारूनच भरायचा. निर्णय द्यायला खात्याकडे 6 महिने असतात. लेखी नकार आला की कोर्टात जायला तुम्हाला 6 महिने.

नुसतं उद्धट बोलणं किंवा तासभर बसवून ठेवणं दाव्यात टिकत नाही, चौकशीचा अधिकार त्यांना कायद्यानेच आहे. मारहाण, कारण नसताना डांबून ठेवणं, औषध नाकारल्याने झालेली इजा, यावर दावा उभा राहू शकतो.

औषधं चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवा. माझा नंबर कागदावर लिहून घ्या, फोन काढून घेऊ शकतात.

तुमची,
लेक