पंढरपूर चादरीखाली

चि. पिंट्या,

परवा फोन मीच कट केला, ते चुकलंच. लोकांच्या ऑर्डरचे छोट्या रेल्वेचे लेआउट करतोस, त्यावरून "आई, तुला कमिशनमधलं काय कळतं" म्हणालास ते जरा लागलं. असो, तो विषय या पत्रात काढणार नाहीये. कुरडया पाठवल्यात, वैदूच्या पण त्यातच आहेत, एकट्याने संपवू नकोस.

बाबांना मंगळवारी सोलापूरला दाखवलं. काचबिंदू आहे म्हणाले, दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. गेलेली नजर परत येत नाही पण थेंब वेळेवर घातले तर आहे ती टिकवता येते. समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही, म्हणून ते चहाचा कप सांडत होते आणि मी उगाच ओरडायचे. घाबरायचं काही नाही. पण ते तुझं स्वतःचं छोट्या रेल्वेचं पंढरपूर अजून किती दिवस चादरीखाली ठेवणारेस?

बघ, काढलाच विषय.

गणपतीत आलो होतो तेव्हा तू त्या बिल्डरच्या लॉबीतल्या लेआउटला प्लास्टरचा डोंगर लावत होतास, त्यातून वंदे भारत फिरवायची होती ना त्यांना. बाबांनी कोपऱ्यातल्या चादरीचं टोक उचललं, बघितलं, परत नीट खाली सोडलं. तुझी पाठ होती. मी पण काही बोलले नाही.

भाऊ जोशींचं कोथरूडचं छोट्या रेल्वेचं म्युझियम १९९८ मध्ये नवीन होतं तेव्हा तुला नेलं होतं, शो संपला तरी तू उठेनास, आणि बाहेर आल्यावर विचारलंस की यात आपली अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे कुठे होती. मग काय, बाबा कुर्डुवाडी येईपर्यंत गप्पच बसेनात. १८९७ ला बार्शी रोड म्हणजे आपलंच स्टेशन, तिथून बार्शी, मग १९०६ ला पंढरपूर, पुढे लातूर, मिरज. आषाढीला टपावर बसलेली माणसं. रेल्वेच्या वर्कशॉपमधली सगळी कामं. शेजारच्या सीटवरची बाई उठून दुसरीकडे बसली.

आणि मोठा झाल्यावर तूच हिशोब करून दाखवलास, मॉडेल सत्त्याऐंशी पट लहान, म्हणून अडीच फुटी गेजला, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराला, सत्त्याऐंशीने भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतं, म्हणून एन गेज नावाच्या लहान मॉडेलचा ९ मिलिमीटरचा रूळ चालतो, त्यावर एनचंच चासी घालून वरची बॉडी आपली बनवायची. बाबांनी हे दूधवाल्याला तीनदा सांगितलंय. त्याला काय कळलं विठ्ठलाला माहीत.

कमिशन सोड असं मी म्हणतच नाहीये. हप्ता आहे, त्या लोकांचे पैसे आले म्हणून तर डीसीसीचा, म्हणजे गाड्या डिजिटल चालवायचा, चांगला कंट्रोलर आला. फक्त फुकट बदल करून देऊ नकोस. त्या फार्महाऊसवाल्याने स्टेशनचा रंग तिसऱ्यांदा बदलायला लावला आणि शेवटचा हप्ता अजून दिला नाही. मी ब्लाऊजची एक फिटिंग करते, दुसरी आली की पैसे, डुप्लिकेट बुकात लिहून सही. ॲडव्हान्स आल्याशिवाय कापडाला कात्री नाही. रात्री दोनपर्यंत सोल्डरिंग नाही, खिडकी उघडी पाहिजे, काचबिंदू घराण्यात असला की मुलांनी पण डोळे तपासायचे असतात असं डॉक्टर म्हणाले, कधी जातोस?

झालं माझं लेक्चर. सॉरी.

आणि मी कुठली शहाणी, वैदूच्या लग्नात अख्ख्या गल्लीचे ब्लाऊज मी शिवले आणि माझ्याच ब्लाऊजला हुक नव्हते, सेफ्टी पिना लावून उभी होते. फोटोत पदर बघ कसा धरलाय. त्यानंतर गुरुवार घरचा ठेवला, गुरुवारी गिऱ्हाईक घ्यायचं नाही. चार गिऱ्हाइकं तुटली पण बाकीची बुधवारी यायला लागली. तुला जमेल तो वार ठेव. अर्धा पण चालेल. बाबांना सगळं पूर्ण बघायचंय असं नाही रे, एक डबा इकडून तिकडे गेला तरी पुरे. हे त्यांनी सांगितलेलं नाही, मीच म्हणतेय, फोनवर काढू नकोस.

चादरीतून धूळ आत जाते म्हणून लेआउटला जाड कापडाचं कव्हर शिवलंय, कडेने इलॅस्टिक. सहा फूट बाय अडीच धरलंय, चूक असेल तर सांग, उसवून देते. डाव्या बाजूला चेन लावलीय, म्हणजे सगळं न काढता पंढरपूर तेवढं उघडता येईल.

तुझी,
आई