सुनेला तिचं नागरिकत्व परत मिळालं, त्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या सुनेने अमेरिका सोडलेली नाही. बाबांनी तसं पारावर सांगून टाकलं असेल तर आधी ते निस्तरा. तिने सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलिपिन्स वकिलातीत शपथ घेतली आणि जन्माने मिळालेलं फिलिपिन्सचं नागरिकत्व तिला परत मिळालं, एवढंच झालं. अमेरिकेचा पासपोर्ट आहे तिथेच आहे, नर्सची नोकरी तीच, घराचा हप्ताही तोच.

आई, तू विचारलंस की असं दोन्हीकडचं चालतं कसं. त्यांच्याकडेही पूर्वी चालत नव्हतं. १९३६ च्या कायद्यानुसार परदेशाचं नागरिकत्व घेतलं की फिलिपिन्सचं जायचं. तिचंही कितीतरी लोकांसारखं गेलं ते गेलंच असतं, पण २००३ साली ग्लोरिया आरोयो राष्ट्राध्यक्ष असताना तिथे नवा कायदा झाला. जन्माने फिलिपिनो असलेल्या माणसाने परदेशी नागरिकत्व घेतलं तरी फिलिपिन्सशी निष्ठेची शपथ घेऊन तो पुन्हा नागरिक होऊ शकतो. परदेशी नागरिकत्व सोडायची अट नाही. 'दुहेरी निष्ठा देशहिताला मारक' असं त्यांच्या राज्यघटनेतच आहे, म्हणून कायद्याला आव्हानही दिलं गेलं, पण २००७ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने तो टिकवला. परदेशातले फिलिपिनो दरवर्षी ३० अब्ज डॉलरहून जास्त रक्कम घरी पाठवतात. अशा माणसांना कुठलं सरकार दारातून परत पाठवेल?

कागदपत्रं फार नव्हती. जन्मदाखला, अमेरिकन नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, फोटो, अर्ज. फी ५० डॉलर. आमच्या लग्नाची नोंद मात्र वकिलातीत करायची राहिली होती, ती आधी करावी लागली. मुलांचं त्याच अर्जात झालं, कारण १८ वर्षांखालच्या अविवाहित मुलांना आईबरोबरच नागरिकत्व मिळतं. थोरली आता सोळाची आहे, म्हणून यंदा घाई केली. तर तुमची नातवंडं आता फिलिपिनोही आहेत. धाकट्याने लगेच विचारलं की बास्केटबॉलसाठी कुठल्या देशाकडून खेळू. उंची बघता दोन्ही देशांना काळजी नसावी.

खरं कारण जमिनीचं आहे, बाबांना ते लगेच कळेल. तिचं गाव नेग्रोस बेटावर, बाकोलोदच्या बाजूला. सगळा ऊसपट्टा, आपल्या वाळव्यासारखा. तिच्या मामांना घराला लागून असलेला तुकडा विकायचा आहे. परदेशी माणसाला तिथे जमीन विकत घेता येत नाही. पूर्वी फिलिपिनो असलेल्यांना सवलत आहे, पण राहण्यासाठी ग्रामीण भागात एक हेक्टरपर्यंतच, म्हणजे अडीच एकर. आता ती इतर नागरिकांसारखीच घेऊ शकते. माझ्या नावावर मात्र तिथे गुंठाही होणार नाही. जावयाला फक्त जेवायला मिळतं.

निवडणुकीचा किस्सा खास बाबांसाठी. दुहेरी नागरिकाला मतदान करता येतं, अगदी इथे बसूनही. उभं राहायचं असेल तर मात्र परकीय नागरिकत्व शपथेवर सोडावं लागतं. लानाओ देल नोर्ते प्रांतातल्या कौस्वागन गावात एकाने अमेरिकन नागरिकत्व असं रीतसर सोडलं, २०१० ला महापौरपदी निवडून आला, आणि मग निघालं की सोडल्यानंतरही गडी अमेरिकन पासपोर्टवरच फिरत होता. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला अपात्र ठरवलं. आपल्याकडे जातीच्या दाखल्यावरून सरपंच घरी जातात, तिकडे पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून.

आता माझं. तिचं बघून तुम्हाला वाटलं असेल की मीही अमेरिकन होईन आणि नंतर भारताचं परत घेईन. तसं होत नाही. १९५५ च्या आपल्या कायद्यानुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतल्या क्षणी भारताचं संपतं, पासपोर्ट जमा करावा लागतो. पुन्हा भारतीय व्हायचं तर तिथे येऊन राहायचं आणि अमेरिकेचं सोडायचं. मधला मार्ग म्हणजे ओसीआय कार्ड, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते. त्यावर मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, पण कितीही दिवस भारतात राहता येतं.

आणि मी अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज भरायचं ठरवलंय ते त्या शेवटच्या गोष्टीसाठी. ग्रीन कार्डवाला सलग वर्षभर बाहेर राहिला तर कार्ड धोक्यात येतं. बाबांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया, आईचे डोळे, उद्या आणखी काही. मला सहा महिन्यांत परत पळायचं नाही. अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय असेल तर दोन वर्षं तुमच्याजवळ राहिलो तरी इथलं दार उघडं राहील. बाबा, मुलगा परदेशी झाला असं तुम्हाला वाटेल, वाटू दे. मलाही थोडं वाटतंय. मतदान तर मी इतकी वर्षं केलेलंच नाही, कारण त्यासाठी स्वतः गावच्या केंद्रावर हजर राहावं लागतं, तरी यादीतून नाव जाणार याचं वाईट वाटतं.

जमिनीचं बक्षीसपत्र मात्र माझ्या नावे करू नका. परदेशात राहणाऱ्याला शेतजमीन बक्षीस म्हणून घेता येत नाही, मग पासपोर्ट कुठलाही असो. वारसाहक्काने येऊ शकते. तेव्हा मृत्युपत्र करा, ताईशी बोलून करा आणि तिचा हिस्सा स्पष्ट लिहा. वकिलांना मी फोन करतो.

शेवटचं, तिच्या आईने तुम्हा दोघांना जानेवारीत बोलावलंय. तेव्हा तिकडे ऊसतोड जोरात असते. २०२५ पासून भारतीयांना १४ दिवसांच्या पर्यटनासाठी फिलिपिन्सला व्हिसा लागत नाही. दोघांच्या पासपोर्टची मुदत बघून मला कळवा, सहा महिन्यांहून कमी उरली असेल तर आत्ताच नूतनीकरणाला टाका. आणि आई, तिथे सकाळीही भातच असतो, पण डुकराचं मांस जवळजवळ सगळ्यात असतं, तेव्हा मेतकूट आणि लोणचं बरोबर घे.

तुमचा,
बंड्या