आमचं घोडं पेंड खाईना तेव्हा

मावशी,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल, तसं तिने कबूल केलंय. मागच्या आठवड्यात तुमच्या पेंडी-कोंड्याच्या दुकानात येऊन आभार मानायला लागले, तर "गिऱ्हाईक आलंय, बाजूला हो" म्हणून तुम्ही मला कोंड्याच्या पोत्यांकडे ढकललंत. म्हणून आता चारचौघांत लिहितेय. इथे तुम्हाला मला बाजूला सारता यायचं नाही.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी आधी थोडं. पेढा हा माझा घोडा. सात वर्षांचा थरोब्रेड, शर्यतींतून निवृत्त झालेला. रंग खरपूस भाजलेल्या खव्याचा, म्हणून पेढा. पुण्यात मुंढव्याच्या पलीकडे, नदीच्या अंगाला एका तबेल्यात मी त्याला ठेवलंय, आणि त्या तबेल्याचं भाडं माझ्या फ्लॅटच्या हप्त्याशी चढाओढ करतं. जूनमध्ये तो आला तेव्हा पोट गोल होतं, पण पाठीकडे बघवत नव्हतं. कणा वर उठून दिसायचा, खांद्यांमागे दोन्ही बाजूंना खळगे. खोगीर ठेवलं की खाली माझी चार बोटं सहज जायची.

डॉक्टरांनी आधी दात बघितले. दाढांच्या कडा धारदार झाल्या होत्या, त्या कानसीने घासून काढल्या. पोटात व्रण असले तरी घोडा खाण्यात नखरे करतो, म्हणून त्याही बाजूने खात्री करून घेतली. मग त्याचा रोजचा खुराक लिहून घेतला आणि म्हणाले, याला खायला भरपूर आहे, पण स्नायू बांधायला लागतं ते नाही. 500 किलोच्या नुसत्या उभ्या घोड्यालासुद्धा दिवसाला साधारण 630 ग्रॅम प्रथिनं लागतात आणि त्यांत लायसिन नावाचं अमिनो अ‍ॅसिड (प्रथिनं ज्या तुकड्यांनी बनतात त्यांतला एक) 27 ग्रॅमच्या आसपास असावं लागतं. मला कळेना म्हटल्यावर त्यांनी दसऱ्याचं तोरण समजावलं. झेंडू पोतंभर आहेत, पण आंब्याची पानं दहाच, तर तोरण दहा पानांपुरतंच होणार. उरलेल्या झेंडूचं शरीर काय करतं? जाळतं आणि लघवीवाटे बाहेर टाकतं. (ठाणात शिरलं की डोळ्यांत पाणी यायचं ते कशामुळे, तेही तेव्हा कळलं.) घोड्याच्या बाबतीत पहिलं संपणारं पान म्हणजे लायसिन, त्याच्या मागोमाग मेथिओनीन आणि थ्रिओनीन. तर या तिन्हींची पावडर रोज एक माप, 100 ग्रॅम, द्यायची.

डबा आला. किंमत लिहीत नाही, घरचेही हे वाचतील. डब्यावर छापलं होतं, "घोडे आवडीने खातात." पेढ्याला वाचता येत नसावं.

पहिल्या दिवशी त्याने घमेल्यात नाक घातलं, एकदा हुंगलं, मान वर केली आणि वरचा ओठ पार नाकावर उलटवून, दात दाखवत आढ्याकडे बघत उभा राहिला. मग घमेलं पालथं केलं. दुसऱ्या दिवशी मी गूळ घातला. त्याने वरच्या ओठाने गुळाचे खडे एकेक करून वेचले. घोड्याचा तो ओठ म्हणजे बोटच असतं, तांदळातले खडे निवडणाऱ्या आजीसारखा चालतो. खाली राहिली पावडर, आणि पावडरीवर मुंग्या. मग गाजर झालं, सफरचंद झालं, पोळीत गुंडाळून झालं. पाण्यात कालवून पिचकारीने तोंडात सोडली, तर त्याने ती गालात धरून ठेवली आणि मी वळल्यावर माझ्या पाठीवर सोडली. पंधरा दिवसांत अशी वेळ आली की साधे ओटसुद्धा तो हुंगून बाजूला सारायला लागला. पाठ भरायची राहिली, होतं ते पोटही उतरायला लागलं.

आणि मग ऑगस्टमधली ती संध्याकाळ. तीन दिवस रिपरिप चालू होती. नेहमीच्या ठिकाणी कोंडा मिळाला नाही म्हणून मी रेसकोर्सच्या मागच्या बाजूला शोधत शोधत तुमच्या दुकानात आले. दहा किलो कोंडा आणि दोन किलो गूळ मागितला. तुम्ही काट्यावरून मान वर न करता विचारलंत, "गूळ कुणाला, तुला का घोड्याला?" माझ्या पँटवरचे तांबूस केस तुम्ही आधीच हेरले होते.

मी सगळं रडगाणं गायलं. तुम्ही म्हणालात, "उद्या तो डबा आण. आणि तुझ्या पोत्याच्या तळाचा कोंडा पिशवीत घालून आण." मावशी, आज कबूल करते, रस्ताभर मी मनात म्हणत होते की पेंड विकणाऱ्या बाईला अमिनो अ‍ॅसिडमधलं काय कळणार. मला काय माहीत की पानशेतच्या पुराच्या साली, म्हणजे 1961 ला जन्मलेली ही बाई लग्न होऊन आली ती टांग्याच्या घरात, आणि नवरा स्टेशनवर टांगा घेऊन जायच्या आधी चार वाजता उठून घोड्याची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, भिजवण्यात तिची निम्मी हयात गेलीय.

दुसऱ्या दिवशी तुम्ही डब्याला हातही लावला नाहीत. आधी कोंडा घेतलात, तळहातावर चोळलात, हुंगलात, चिमूटभर जिभेवर टाकून थुंकलात आणि तोच हात माझ्या नाकाखाली धरलात. जुन्या शेंगदाण्यांचा वास. खवट. "पावसाळ्यात महिन्याभराचा कोंडा भरून ठेवतं का कुणी? ह्याला तेल सुटतं, मग तो खवटतो. तुझी ती पावडर वाईट का हा कोंडा, हे त्या बिचाऱ्याने कसं सांगायचं?" मी दोन महिने दोष देत होते पावडरीला आणि पेढ्याच्या स्वभावाला. पोत्याचा वास घ्यायचं मला सुचलं नव्हतं.

मग चष्मा लावून तुम्ही डबा पुढे ओढलात आणि माझ्याकडून वाचून घेतलात. सोया प्रथिन, असं मी म्हटल्याबरोबर तुम्ही मला थांबवलंत. "सोया? म्हणजे पेंडच की गं!" आणि असं हसलात की समोरचा पंक्चरवाला बघायला लागला. "लोकांचं घोडं पेंड खातं म्हणून अडतं, तुझं खाईना म्हणून अडलंय." मी पुढे वाचलं, लायसिन, मेथिओनीन.

"मेथी?"

"मेथी नाही मावशी, मेथिओनीन. त्यात गंधक असतं, म्हणून तो अंड्यासारखा वास."

"मग मेथी घाल."

मला वाटलं तुम्ही चेष्टा करताय. पण तुम्ही मागच्या फळीवरून दाणे काढून पुडी बांधायलाही लागला होतात. माझ्या भाचीने नंतर शोधून काढलं, इंग्लंडमधल्या संशोधकांनी 2005 मध्ये घोड्यांना वेगवेगळ्या वासांचं खाद्य देऊन त्यांची आवड तपासली होती. पहिला नंबर मेथीचा आला, केळ्याच्याही वर. पहिल्या आठांत जिरंही आहे. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "इंग्लंडच्या घोड्यांना कुणी विचारलं?"

तुमचं मुख्य सांगणं मात्र मेथीचं नव्हतंच. "तू त्याला फसवलंयस," असं तुम्ही सरळ तोंडावर म्हणालात. "सासूने एकदा वरणात काढा घातला तर सून वर्षभर वरण हुंगून खाते. गुळाने वास झाकत नाही, उलट घोड्याला कळतं की आत काहीतरी आहे." पाच दिवस डबा बंद. घमेलं चुलीतल्या राखेने घासून उन्हात टाकायचं, ऊन नसेल तर दुसरं आणायचं. पाच दिवस नुसतं साधं, ताजं, त्याच्या ओळखीचं. सहाव्या दिवशी चिमूट. माप नाही, चमचा नाही, चिमूट. घोड्याला एकदा गिळलेलं उलटून टाकता येत नाही, म्हणून तो आधी दहादा हुंगतो, हे सांगताना तुम्ही घोड्याची बाजू अशी घेतलीत की जणू मीच परकी.

ते कालवणं मी जन्मात विसरणार नाही. तुमच्या स्टीलच्या परातीत मूठभर कोंडा (ताजा), बारीक कापलेली लसूणघास, मेथीची भरड दोन चमचे, जवसाचं तेल एक चमचा, आणि पाणी शिंपडून शिंपडून. "थालीपीठाएवढं सैल नको. लाडवाचं सारण कर. मुठीत वळलं पाहिजे आणि बोटाने टिचकी मारली की फुटलं पाहिजे." मी पाणी जास्त घातलं, तर तुम्ही परात काढून घेतलीत. तेलामुळे आणि ओलाव्यामुळे पावडर कणाकणाला धरून बसते, मग तो ओठ काय निवडणार? आणि हे सगळ्या चंदीत मिसळायचं नाही. पहाटे पोट रिकामं असताना एवढंच मूठभर आधी, ते संपलं की बाकीची चंदी.

कोंडा कमी करून लसूणघास वाढवायलाही तुम्हीच लावलंत. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, बरोबर आहे. कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम थोडं, रोज भरमसाट दिला तर घोड्याची हाडं ठिसूळ होतात, तोंडाची हाडं सुजतात. लसूणघासेत कॅल्शियमही आहे आणि लायसिनही. तुम्हाला हे कसं माहीत, म्हणून विचारलं तर उत्तर मिळालं, "मालकांच्या पहिल्या घोड्याचं तोंड सुजलं होतं." पुढे बोलला नाहीत, मीही विचारलं नाही.

आणि तोबरा, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची खाण्याची पिशवी. घमेलं पालथं करायची सवय लागलेल्या घोड्याला घमेलं द्यायचंच नाही, म्हणून तुम्ही माळ्यावरून मालकांचा तोबरा काढलात. जाड किंतानाचा, चामड्याचा पट्टा, तळाशी घासून गुळगुळीत झालेला. "चढवलास की जागची हलायचं नाही. खाऊन झालं की लगेच काढायचा. तसाच पाण्याकडे गेला तर तोबऱ्यात पाणी भरून गुदमरेल." हे तुम्ही तीनदा सांगितलंत. तिसऱ्यांदा माझ्याकडून म्हणून घेतलंत.

सहाव्या दिवशी पहाटे साडेपाचला मी तबेल्यात. पाऊस नुकता थांबलेला, पत्र्यावरून थेंब पडतायत. तोबरा चढवला. पेढ्याने आत एक लांब श्वास घेतला, किंतान आत ओढलं गेलं, मग फुगलं. कान मागे गेले. मी म्हटलं झालं, आता मान झटकणार. कान हळूच पुढे आले. आणि मग तो आवाज, कुरूम कुरूम, ओल्या गवताचा आणि दाढांचा. मी त्याच्या मानेला टेकून उभी होते, चावण्याची हालचाल माझ्या खांद्याला जाणवत होती. शेजारच्या ठाणातली बुटकी भीमथडी घोडी मान लांब करून बघत होती, तिला कसलंच वावडं नाही, ती बादलीसकट खाईल. तोबरा काढला तेव्हा तळाला कोंड्याचा कण नव्हता. तुम्हाला फोन केला, तर तुम्ही म्हणालात, "उद्या पण चिमूटच. हावरटपणा करू नकोस." मला म्हणालात ते, घोड्याला नाही.

चिमटीचा अर्धा चमचा व्हायला तीन दिवस, चमचा व्हायला आणखी तीन. पूर्ण मापाला पोचायला चोवीस दिवस लागले. मध्ये एकदा मला घाई झाली, एकदम दुप्पट घातलं, तर त्याने तोबऱ्यात नाक घालून सुस्कारा सोडला आणि उभा राहिला. ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

नुसत्या पावडरीने पाठ भरत नाही हे डॉक्टर बजावत होतेच, म्हणून रोज बंधाऱ्याचा चढ चालत, जमिनीवर आडवे बांबू टाकून त्यांवरून, आणि चार-सहा पावलं मागे मागे. ऑगस्टमध्ये छातीचा घेर 178 सेंटिमीटर होता. परवा मोजला, 183. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले 11,880 असा हिशेब करतात, त्याने तो 427 किलोंवरून 451 वर आलाय. पण मला खरं पटलं ते खोगिराखाली. परवा नवीन रिकिबी लावताना सवयीने हात सरकवला, आणि बोटं अडकली.

मी तुम्हाला पैसे विचारले होते, आठवतं? तुम्ही मेथीचे वीस रुपये घेतलेत आणि वर म्हणालात की कोंडा आठ दिवसांचाच ने, म्हणजे दहा किलो मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तीन किलो विकलात. असं दुकान कसं चालतं हे मला अजून कळलेलं नाही.

आता तो घमेल्यातलं खातो, आणि रिकामं झालं की नालेने वाजवतो. तेव्हा तोबरा परत करायला हवा. त्याची एक शिवण उसवली होती, ती कॅम्पात नीट शिवून घेतली आहे, पट्ट्याला तेलही लावलंय. तळ मात्र धुतला नाही, तिथे अजून मेथीचा वास आहे. रविवारी दुपारी, गिऱ्हाईक नसेल तेव्हा घेऊन येते.

तुमची,
पेढ्याची बाई