९२.५ कुठे गेलं?

पुणे, रविवार

प्रिय सुध्या,

तुझं पत्र पोचलं. टॅक्सीवाल्याला तू रेडिओवर ९२.५ लावायला सांगितलंस आणि लागलं ९२.७ वरचं हिंदी गाणं, हे वाचलं आणि आपली माटुंग्याची खोली डोळ्यांसमोर आली. २००२ साली मुंबईत पाठोपाठ पाच खासगी एफएम स्टेशनं सुरू झाली, आणि तुझ्या ट्रान्झिस्टरचा काटा मात्र ९२.५ वरच्या ‘गो’ या स्टेशनवरून हलायचा नाही. इंग्रजी गाण्यांचे निम्मे शब्द कळायचे नाहीत, तरी ऐकायचो.

‘गो’चं पुढे ‘रेडिओ वन’ झालं, ते ९४.३ वर गेलं. भाषा हिंदी झाली, आणि काही वर्षांनी मुंबईत पुन्हा इंग्रजी. तू विचारतोस, लोकांची आवड एवढी बदलते का? आवड नाही रे, हिशेब बदलतो. सुरुवातीला मुंबईच्या सरकारी परवान्याची वर्षाची फी ९.७५ कोटी होती आणि ती दरवर्षी १५ टक्क्यांनी चढायची. एवढा पैसा जाहिरातींतून काढायचा, तर वेगळं काही वाजवण्याची छाती कोणाची होणार? त्या पाचांतलं ‘विन’ तर बंदच पडलं. २००५ च्या सरकारी धोरणात वर्षाच्या ठराविक फीऐवजी मिळकतीचे ४ टक्के आले आणि स्टेशनांना श्वास घेता आला.

पण एका मालकाला एका शहरात एकच चॅनेल ठेवता येई. मग प्रत्येक जण सगळ्यांत मोठ्या गर्दीमागे, म्हणजे नव्या हिंदी गाण्यांमागे. मी इथल्या स्टेशनच्या संगीत विभागात होतो तेव्हा फोनवरून लोकांना गाण्याचा सात-आठ सेकंदांचा तुकडा ऐकवायचो: ओळखता का, आवडतं का, कंटाळा आला का? त्यावरून रोटेशन, म्हणजे कुठलं गाणं कधी आणि किती वेळा वाजवायचं ते, ठरायचं. सुध्या, सात सेकंदांत भावगीत कसं पास होणार? त्याचा नुसता वाद्यमेळच तेवढा असतो! मराठी गाणी रात्री अकरानंतर सरकली. पुण्यात! मी दोनदा भांडलो. दुसऱ्यांदा साहेबांनी आकड्यांचा कागद पुढे ठेवला, आणि त्या कागदाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती हार मला अजून सलते.

२०११ च्या धोरणाने मोठ्या शहरांत एका मालकाला दुसरं चॅनेल घ्यायची मुभा दिली, २०१५ मध्ये लिलाव झाले, आणि जुन्या गाण्यांची लाट आली. मुंबईत ‘फीवर’ स्टेशनवाल्यांनी जुन्या गाण्यांचं ‘नशा’ काढलं ते असंच. एकाच घरात दोन चॅनेल, मग दुसऱ्याने पहिल्याचे श्रोते का पळवायचे? जुनी गाणी परत आली याचा मला मनापासून आनंद झाला. पण तिथेही तपासून घेतलेली तीच ती गाणी फिरतात. ज्या गाण्यासाठी आई हातातलं काम टाकून रेडिओपाशी यायची, ते मी तिथे एकदाही ऐकलं नाही.

एक मागणं आहे. स्टेशनं रेडिओवर गेलेल्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग काही महिने ठेवतात आणि मग पुसतात. माटुंग्याच्या त्या खोलीत तू रात्री जागून टेप केलेल्या कॅसेटी टाकून दिल्या नसशील, तर पुढच्या खेपेला घेऊन ये. माझा टेपरेकॉर्डर चालू आहे, परवाच बेल्ट बदलून आणलाय.

तुझा,
विनू